कोंबडीचं काम कोण करणार?

आमच्या आणि शेजारच्या मावशींच्या अंगणांच्या मध्ये पऱ्हाटीचा कूड आहे. दरवर्षी कापूस संपला की मावशींचा लेक वावरातून उपटलेल्या पऱ्हाटीची बंडी आणतो, जुना कूड चुलीत जातो आणि नवा उभा राहतो. नवा असेपर्यंत त्यातून काही दिसत नाही. पावसाळा झाला की काड्या गळतात, उंदीर-घुशी वाटा पाडतात, आणि माघ-फाल्गुनापर्यंत पलीकडे वरणाला फोडणी कशाची दिली तेही कळतं. आमच्या ढाणकीतल्या निम्म्या बातम्या बसस्टँडवर फुटतात. उरलेल्या निम्म्या आमच्या गल्लीत या कुडातून इकडे-तिकडे होतात.

यंदा मावशींना कुडातून माझी पिल्लं दिसली.

"काय वो बाई, खोक्यात काय कोंबून ठेवलं? पिल्लंच हायेत ना? आनि वर दिवा कायले लावला? दुपार हाय ना."

"लहान आहेत मावशी. मोटारसायकलवर विकायला आला होता ना, त्याच्याकडून घेतली. सुधारित गावरान म्हणाला."

"लहान? हे पाह्य माहे. तुह्याच पिल्लाईच्या दिवसाचे."

खरंच होतं. मावशींची खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली आणि माझं खोकं घरात आलं, दोन्ही एकाच आठवड्यात. तिची पिल्लं उकिरड्यावर आईच्या मागं पाय झाडत, माती उकरत, एकमेकांच्या चोचीतली अळी ओढत फिरत होती. माझी दिव्याखाली बसून चिवचिवाट करत होती. दिवासुद्धा पिवळा, जुना, तारेचा. एलईडीला उजेड असतो पण ऊब नसते, त्यामुळे तो जुना दिवा मिळवायला मला बाजारातली तीन-चार दुकानं पालथी घालावी लागली होती.

"तुमची पिल्लं चालतात बाहेर, तर माझी का नको?" मी विचारलं.

मावशींनी हातातलं सूप खाली ठेवलं. सूप खाली ठेवलं म्हणजे विषय लांबणार हे गल्लीतल्या लेकराला पण कळतं.

"माह्या पिल्लाईले माय हाय. तुह्या पिल्लाईले लाइट हाय. लाइट काय त्याईच्या मागं उकिरड्यावर जाणार हाय का?"

ओट्यावर बाजेवर पेपर वाचत पडलेले काका हसले. काका म्हणजे मावशींचे दीर. पशुधन पर्यवेक्षक म्हणून सरकारी नोकरी करून निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव ढोरं-कोंबड्या तपासल्या, आणि घरात मात्र कोंबड्यांबाबत त्यांचं कोणी ऐकत नाही.

"वैनी बरोबर बोलल्या," काका म्हणाले. "पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. अंगावर असतो तो कापूस. पिसं नाहीत ती. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. पाच-सहा आठवड्यांत पिसं भरतात, मग ते मोकळं झालं."

"अंश-बिंश तू पाह्य बाप्पा," मावशी म्हणाल्या. "मी पिल्लाईले पाह्यतो. दिव्याखाली एकमेकाच्या डोक्शावर चढून बसले तं त्याईले थंडी वाजते. दिवा सोडून कोपऱ्यात जाऊन चोच वासून पडले तं गरम होते. पसरून, दाणे टिपत, मंधातच डुलकी घेत फिरत असले तं बरोबर हाय. कशाले पायजे थर्मामीटर?"

काकांनी मान डोलावली. या एका मुद्द्यावर सरकारी खातं आणि मावशी यांच्यात मतभेद नाही.

"आनि आता दुपारी हा दिवा बंद कर आधी," मावशी मला म्हणाल्या. "आपल्या गावची दुपार हाय ही. होळी आठ दिवसावर आली. दुपारचं ऊनच दिव्यासारखं हाय. रात्री मात्र लाव. होळी जळाली, थंडी पळाली म्हनतेत, पन पहाटचा गारवा पिल्लाले मारते."

"आणि रात्री लाइट गेली तर?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता असं नाही, पण विचारला आणि मावशींना हवी ती वाट मिळाली. त्या कुडाला अजून खेटल्या.

"त्या गिरणीमागच्या घरी काय झालं, आयकलं नाई तुनं? लाइट गेली. घरधन्यानं काय केलं, कोळशाची शेगडी पेटवली, खोलीत ठेवली, दार लावलं, खिडकी लावली. फटीले चिंध्या कोंबल्या वरून. म्हने पिल्लाईले ऊब पायजे. सकाळी दार उघडते तं सारे आडवे. बायको म्हनते नजर लागली. कोनाची नजर वो? आमी कोनी पाह्यले बी नव्हते ते पिल्लं!"

"कोळशाचा विषारी वायू," काका म्हणाले. "कार्बन मोनॉक्साइड. दिसत नाही, वास येत नाही. बरं झालं त्या खोलीत लेकरं झोपलेली नव्हती."

लाइट गेल्यावर काय करायचं ते मावशींनी सांगितलं आणि ते इतकं सोपं आहे की गिरणीमागच्या घरापर्यंत पोचायला हवं होतं. मातीच्या गाडग्यात गरम पाणी भरायचं, तोंड घट्ट बांधायचं, गोणपाटात गुंडाळून खोक्याच्या मधोमध ठेवायचं. पिल्लं त्याला चिकटून बसतात. खोक्यावर जुनं लुगडं, पण हवा जाईल इतकं मोकळं. पाणी निवलं की बदलायचं. म्हणजे रात्री उठायचं. "कोंबडी बी रात्रभर उठूनच असते," मावशी म्हणाल्या, "तिले कोनी शाबासकी देत नाई."

मग पिल्लं बाहेर केव्हा काढायची? इथं दीर-भावजयीत थोडी ओढाताण झाली. काका म्हणाले, आई नसेल तर पाच-सहा आठवडे, पंखाखाली हात घालून पाहायचं, कापूस जाऊन पिसं आली का. मावशींचं म्हणणं, तेवढा वेळ आत कोंडलं तर त्यांना माती, ऊन, वारा काही कळत नाही आणि मग एकदम सोडली की बावचळतात. दोघांचं मिळून जे निघालं ते मला पटलं. तिसऱ्या आठवड्यापासून कोरड्या, बिनवाऱ्याच्या दिवशी, दव वाळल्यावर, तासाभरासाठी बाहेर काढायची, पण डाल्याखाली. मोकळं सोडणं पिसं भरल्यावर.

मावशींचं डालं बुरुडाकडून करून घेतलेलं, बांबूच्या कामट्यांचं, चांगलं माणूस बसेल एवढं. त्यांनी ते कुडावरून माझ्याकडं टाकलं.

"हे घे. वर गोटा ठेव, नाईतर कुत्रं नाकानं उलटवते. आनि जागा पाह्य. अर्धं सावलीत, अर्धं उन्हात."

"अर्धं का?"

"पिल्लाले पळाले जागा पायजे ना. ऊन सरकते, डालं सरकत नाई. त्या नव्या सुनेनं डालं उन्हात ठेवलं आनि गेली धुनं धुवाले. येईपर्यंत पिल्लं भाजून गेले. तिची सासू अजून बी सांगते सगळ्याईले, हिनं दोन तास धुनं धुतलं म्हनून. सासूले पिल्लाईचं दुःख नाई, दोन तासाचं हाय."

अर्ध्या डाल्यावर ओलं गोणपाट टाकायचं. पाणी उथळ ताटलीत आणि ताटलीत चार खडे, कारण लहान पिल्लू वाटीतल्या पाण्यातही बुडून मरतं. जागा कोरडी पाहिजे. ओल्या, हगलेल्या जागेवर पिल्लं ठेवली की तीन ते सहा आठवड्यांच्या वयात रक्ती हगवण लागते, हे काकांनी दोनदा सांगितलं. तिचं औषध मिळतं, पण रोज डाल्याची जागा हातभर सरकवली तर बहुधा त्याची वेळ येत नाही.

इथवर सगळं अंगणातलं होतं. आता शत्रूंचा विषय निघाला आणि मावशींच्या सुनेनं आतून चहा पाठवला.

ढाणकीत पिल्लाला खाणारं काय नाही? वरून घार, शिक्रा, कावळा. खालून मुंगूस, घूस, धामण, नाग. मोकाट कुत्री तर आहेतच. बिटरगावकडं पैनगंगा अभयारण्याचं रान फार लांब नाही, तिकडल्या वाड्या-तांड्यांवर रानमांजर, कोल्हा येतो. पण आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त पिल्लं खाल्ली ती चौथ्या घरातल्या मांजरीनं, यावर मावशी ठाम आहेत.

"ते म्हनतेत आमची मनी फकस्त दूध पिते. बिस्किट खाते. मी म्हनलं, होय का? मंग दुधाच्या तोंडाले पिसं कसे लागले?"

"असं तोंडावर म्हणालात?"

"तोंडावर नाई. तिच्या जावेजवळ म्हनलं. पोचलं असन."

काका म्हणाले, मांजरीला दोष देऊन उपयोग नाही, पिल्लू उघड्यावर धावलं की ती झडप घालणारच. प्रश्न हा की पिल्लाला सांगणारं कोणी आहे का. आणि इथं त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला अगदी नवी होती. कोंबडीची धोक्याची हाक एक नसते. वरून शिकारी पक्षी आला की एक लांबट आवाज, आणि जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं की तुटक-तुटक कचकचाट. शास्त्रज्ञांनी हे आवाज टेप करून कोंबड्यांना ऐकवले. पहिला आवाज ऐकला की त्या आडोशाला पळून दबून बसल्या, दुसरा ऐकला की मान ताठ करून आजूबाजूला पाहायला लागल्या. आकाशात काहीच नसताना.

"हे सांगाले शास्त्रज्ञ कायले पायजे?" मावशी म्हणाल्या. "माही कोंबडी बोलली की मी घरातून सांगतो घार आली का मांजर आली. पन तुह्या पिल्लाईले कोन सांगणार, बाई? लाइट?"

त्या लाइटवरून मावशी काही हटत नव्हत्या. पण मुद्दा तोच होता. मावशींच्या पिल्लांना पहारा आहे, माझ्या पिल्लांना नाही, म्हणून पहाऱ्याचं काम मला करायचं, नाहीतर अंगणाला करायला लावायचं. अंगणाला म्हणजे आडोशाला. मोकळं, झाडून लख्ख केलेलं अंगण पिल्लाला सगळ्यांत वाईट, कारण लपायला जागा नाही. एका कडेला बाज टाकून ठेवायची, दुसऱ्या कडेला तुराट्यांचा भारा तिरपा उभा करायचा, मध्ये एखादी जुनी पाटी उपडी घालून दोन विटांवर टेकवायची. घार आली की तीन-चार पावलांत कुठलं तरी छप्पर गाठता आलं पाहिजे.

वरून जाळं टाकता आलं तर उत्तमच. मावशींचं जाळं मासे धरायचं आहे, जुनं, फाटलेलं. पैनगंगेवरच्या भोयांकडून आणलेलं. चार बांबूंवर ताणलं की कावळा खाली येत नाही. कोंबडीच्या जाळीच्या नावाखाली दुकानात जी मोठ्या भोकांची जाळी मिळते ती मोठ्या कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही, आणि लहान पिल्लू तर तिच्यातून आरामात बाहेर पडतं. खालच्या हातभर भागाला बारीक जाळी हवी आणि ती वीतभर मातीत गाडलेली हवी.

काही जण पिल्लांना गुलाबी रंग लावतात, घारीला ओळखू येऊ नये म्हणून. त्यावर मावशींचं मत असं की घारीला गुलाबी रंगाचं काही पडलेलं नाही.

रंगावरून सायकलवाल्या पोरांची गोष्ट निघाली. पाटीत हिरवी, गुलाबी, पिवळी पिल्लं घेऊन येतात, लेकरं रडतात, आजोबा दहा-वीस रुपये काढतात. ती पिल्लं कुठून येतात? अंडी देणाऱ्या जातीच्या हॅचरीत निम्मे नर निघतात. ते अंडी देत नाहीत आणि त्यांच्या अंगावर मांस धरत नाही, म्हणून हॅचरीला नकोसे असतात. तेच रंगवून गावोगाव जातात. लस नाही, ऊब नाही, उन्हात दिवसभर पाटीत. दोन-चार दिवसांत मरतात आणि लेकराला पहिल्यांदा मरण कळतं. मी या गोष्टीत मावशींपेक्षा कडक आहे. विकत घेऊच नयेत. आजोबांनी लेकराला कुल्फी द्यावी.

"पन तुहे तरी कुठून आनले, पत्ता हाय का तुले?" मावशींनी मला धरलं. "लस देल्ली का त्याईले, इचारलं?"

विकणारा म्हणाला होता, दिली. काका हसले.

"पहिल्या दिवशीची मरेक्सची लस हॅचरीत देतात, चांगली हॅचरी असेल तर. पुढची तुम्ही द्यायची. पाच ते सात दिवसांत लासोटा, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाला गंबोरो. अठ्ठाविसाव्याला लासोटा परत. सहा ते आठ आठवड्यांत देवीची, आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी, टोचून. लासोटा आणि आर-टू-बी या मानमोडीच्या. तीच सगळ्यांत मोठी वैरीण. १९२७ साली आपल्याकडं राणीखेतला नोंदवली गेली म्हणून सरकारी कागदावर राणीखेत, आणि बाहेर जगात इंग्लंडातल्या शहरावरून न्यूकॅसल."

"मानमोडीच म्हन. मान वळते, पाय ओढते, हिरवं हगते, संपलं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांच्या घरच्या अठरा कोंबड्या चार दिवसांत गेल्या होत्या. "यात माय बी काई करू शकत नाई, बाई. मायच पहिली मेली."

काकांनी थोडी दुरुस्ती केली. आईला वेळेवर लस दिलेली असेल तर तिची प्रतिकारशक्ती अंड्यातून पिल्लात उतरते आणि पहिले दोन-तीन आठवडे थोडी आड येते. म्हणजे त्यातही आई करते, पण तिच्यासाठी आधी कोणीतरी करावं लागतं.

मग गल्लीत कोणी लस का देत नाही? मला वाटायचं निष्काळजीपणा. खरं कारण कुपीत आहे. लसीची कुपी शंभर, दोनशे पक्ष्यांची किंवा त्याहून मोठी असते. एकदा फोडून औषध मिसळलं की दीड-दोन तासांत संपवावं लागतं, आणि तोवर बर्फावर ठेवावं लागतं. घरी आठ पिल्लं असणारी बाई आठ थेंबांसाठी शंभराची कुपी कशी फोडणार? ती फोडत नाही. मग उन्हाळ्यात एका घरी कोंबडी आजारी पडते, घरधनी ती मरायच्या आत आठवडी बाजारात विकून मोकळा होतो, आणि मानमोडी पिशवीत बसून दुसऱ्या गल्लीत जाते. कोणी विकली हे मावशींना माहीत आहे. त्यांनी नाव सांगितलं. मी लिहिणार नाही.

काका म्हणाले, २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर निघाल्या, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त.

"माह्या मोजल्या का त्याईनं?"

"मोजल्या असतील की वैनी."

"तो पोरगा मोजाले आलता तवा चार तं झाडावर होत्या."

बर्ड फ्लूची आठवण निघणं साहजिक होतं. २००६ च्या फेब्रुवारीत देशात पहिल्यांदा तो सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. ते लांब होतं. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला तेव्हा मात्र इथंही धसका बसला होता, कारण परभणीला आमच्या गल्लीच्या तीन सोयरिकी आहेत. तिथं एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या. काकांचं म्हणणं एवढंच की एकाएकी बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मेलेले दिसले तर हात लावायचा नाही, कोणाला वाटायच्या नाहीत, ओढ्यात टाकायच्या नाहीत. जनावरांच्या दवाखान्यात कळवायचं. लपवून कोंबड्या वाचत नाहीत.

चहा दुसऱ्यांदा आला आणि खाण्याचा विषय निघाला.

कोंबडी पिल्लांना खायला शिकवते. दाणा सापडला की चोचीनं उचलते, खाली टाकते, परत उचलते, टुक-टुक करते. पिल्लं धावत येतात, तिनं टाकलेलंच टिपतात. आईविना पिल्लं जे चमकेल त्याला चोच मारतात. थर्माकोलचे मणी, पॉलिथीनचा तुकडा, युरियाचा दाणा. शेतकऱ्याच्या घरी युरियाची फाटकी गोणी ओट्याखाली असतेच, आणि युरिया पिल्लाला विष आहे.

"पेरणीच्या दिवसात तं कोंबड्या बांधूनच ठेवाव्या," मावशी म्हणाल्या. "कपाशीचं बी पाह्यलं का? रंग लावलेलं औषध असते त्याले. पाकीट फोडून उरलेलं अंगणात टाकतेत लोकं. खाल्लं की गेली."

फवारणीचं नाव निघालं की यवतमाळ जिल्ह्यात अजून माणसं गप्प होतात. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. ज्यानं माणसं गेली त्याच्यापुढं छटाकभर पिल्लाची काय कथा. फवारलेल्या धुऱ्यावर, तणनाशक मारलेल्या बांधावर पिल्लं सोडायची नाहीत, फवाऱ्याचा पंप अंगणात धुवायचा नाही, त्या पाण्याचं डबकं होऊ द्यायचं नाही.

सोयाबीनचं मला वेगळंच कळलं. आमच्याकडं सोयाबीन निघाल्यावर खळ्यावरचे फुटके दाणे कोंबड्यांना टाकायची पद्धत आहे, घरचंच आहे, पौष्टिक आहे म्हणून. काका म्हणाले, कच्चं सोयाबीन पिल्लांना पचत नाही, त्यातल्या एका घटकामुळं प्रथिनं अंगी लागत नाहीत आणि वाढ खुंटते. भाजून, भरडून दिलं तर चालतं. जवारीची भरड, तांदळाची कणी, त्यात थोडं विकतचं चिक स्टार्टर, हे बरं. बाहेर सोडायला लागल्यावर बारीक वाळूही हवी, कारण कोंबडीला दात नाहीत, दाणा पोटातल्या खड्यांनीच दळला जातो. बाकी अळ्या, मुंग्या, वाळवी त्यांची ती शोधतात. मावशी वाळवी लागलेलं जुनं लाकूड अंगणात आणून आपटतात आणि मग पिल्लांचा जो गोंधळ होतो तो पाहायला माझी धाकटी शाळेला उशीर करते.

एवढ्यात माझं एक पिल्लू कुडाच्या भोकातून पलीकडं गेलं. मावशींची कोंबडी मान खाली घालून, पिसं फुलवून आली आणि त्याला टोचायला लागली. मी ओरडले. मावशींनी शांतपणे हात घालून पिल्लू उचललं, पंखाखाली पाहिलं, आणि परत दिलं.

"तिचे आपले कोनते ते तिले बरोबर समजते. आता तीन आठवड्याचं पोरगं ती घेणार नाई. पहिल्या दोन-तीन दिवसातलं असतं तं रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवलं असतं, सकाळी आपलंच म्हनून उठली असती. तुनं मले आधी सांगितलं असतं तं जमलं असतं. खोकं घरात आल्यावर सांगाले काय अर्थ?"

पिल्लं ओळखायची कशी, यावरून दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीत भांडण झालं होतं. दोन घरांची पिल्लं मिसळली, दोघी म्हणे काळं माझं. शेवटी संध्याकाळी दोघींच्या खुराड्याची दारं उघडी ठेवली आणि पिल्लू कुठं जातं ते पाहायचं ठरलं. ते तिसऱ्याच घरी गेलं. मावशी हे सांगताना इतक्या हसल्या की काकांनी पेपर खाली केला. पायात दोरा बांधून खूण करतात, पण पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. मांसात रुततो आणि पाय जातो. बांधायचाच तर सैल, आणि दर आठवड्याला सोडून पाहायचा. त्यापेक्षा खुराड्याची सवय लावणं बरं. नव्या खुराड्यात चार-सहा दिवस कोंडून तिथंच खायला द्यायचं. मग पहिल्यांदा मोकळं सोडायचं ते सकाळी नाही. दिवस मावळायला तासभर असताना, पोटात थोडी भूक असताना. अंधार पडायला लागला की पिल्लं आपसूक घराकडं येतात, डब्यात दाणे वाजवून "आ आ आ" केलं की धावत येतात. मग मोजायची. आत मोजायची, दार लावायचं, कडी घालायची, आणि कडीत खिळा अडकवायचा, कारण कडी निघाली तर मुंगसाला एवढीशी फट पुरते.

"रोज मोजायची?"

"रोज. कोंबडी मोजत नाई असं वाटते का तुले?"

तर आमच्या अंगणात हे ठरलं. दिवसा दिवा बंद, रात्री गाडगं तयार. डालं अर्ध्या सावलीत. पिसं भरेपर्यंत मोकळं सोडणं नाही. पाडव्याच्या आसपास दार उघडायचं, तेही काका पंखाखाली हात घालून हो म्हणाले तर. चौथ्या घरातल्या मांजरीचा बंदोबस्त मावशी जावेमार्फत करणार आहेत.

लसीचं मात्र एकट्यानं होत नाही. येत्या रविवारी सकाळी काका दवाखान्यातून लासोटाची एक कुपी बर्फात घालून आणतील. आमच्या आणि मागच्या गल्लीत मिळून शंभर पिल्लं सहज भरतील असा मावशींचा हिशेब आहे. ज्यांच्या घरी पिल्लं असतील त्यांनी शनिवारी रात्रीच ती डालून ठेवावीत. सकाळी दार उघडल्यावर कोणाची पिल्लं सापडत नाहीत, आणि कुपी दोन तासांच्या वर थांबत नाही.